तेलगळती घटली म्हणतात, मग पोरीच्या पायाला डांबर कुठून लागलं?

सोलापूरचा_शिऱ्या: मे महिन्यात गोव्याला गेलो होतो. पोरगी वाळूत खेळून आली तर तळवे काळेकुट्ट. डांबराच्या गोळ्या! लॉजवाल्यानं न मागता खोबरेल आणून दिलं, म्हणजे त्याला रोजचंच. घरी येऊन वाचतोय तर जगातली तेलगळती नव्वद टक्क्यांनी घटली म्हणे. खरं काय?

चाटीगल्ली: कागदावर घटली असंल बे.

जुना_पंपमन: कागदावर नाही, खरंच घटलीय. बावीस वर्षं तेलाच्या टँकर जहाजावर होतो, आता जुळे सोलापुरात असतो (इथं समुद्राचं विचारणारा तुम्ही पहिलाच). १९७०च्या दशकात ७ टनांवरची गळती वर्षाला सरासरी ७९ वेळा व्हायची. २०१०च्या दशकात सहाच्या आसपास. तेलाची वाहतूक वाढली तरीही.

तेव्हा तेल आणि समुद्र यांच्यामध्ये एकच पत्रा असायचा. खडकाला घासलं की संपलं. १९८९ला अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझमधून ३७,००० टन सांडलं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेनं दुहेरी कवचाचा, म्हणजे तळाला आणि बाजूंना दोन-दोन पत्र्यांचा, कायदा केला, नंतर बाकीच्यांनीही. अर्थात उतार त्याआधीच लागला होता. त्या दोन पत्र्यांच्या मधे मी टॉर्च घेऊन रांगलोय. गंज, चिखल, घामानं डोळे चुरचुरतात, आणि बाहेर यायला भोक केवढं, तर खांदे तिरके करूनच निघायचं. तडा आहे का ते बोटानं चाचपायचं.

पण टनांच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. २०१८ला पूर्व चीन समुद्रात सांची नावाचं टँकर बुडालं, १,१३,००० टन. अख्ख्या दशकाचा आकडा सुमारे १,६४,०००!

सोलापूरचा_शिऱ्या: मग आमचं डांबर ह्यात धरलंय का?

जुना_पंपमन: नाही ना. ही यादी टँकरच्या अपघातांची. २०१०ला मुंबईजवळ चित्रा कललं, तेल सांडलं, पण ते कंटेनरचं जहाज, म्हणून यादीत नाही. टाक्या धुतलेलं तेलकट पाणी कुणी गुपचूप सोडलं तर तेही नाही. नियम आहे, किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांच्या आत सोडायचंच नाही, बाहेरही मोजून. पाळणारे पाळतात. आखातातून येणारी वाट आपल्यासमोरनंच जाते, त्यात मे-जूनला वारा किनाऱ्याकडं. लाटांनी घुसळून त्या तेलाच्याच गोळ्या होतात.

पुढच्या खेपेला दिवाळीनंतर जा. आणि पोरीला रॉकेल लावू नका, खोबरेलच बरं.