एकाच पोर्टवर दोन आयपी: दुसरा दिला की पहिला गायब!

मेंटेनन्सवाला, रबाळे:
मंडळी, मी मूळचा इलेक्ट्रिशियन, नेटवर्क गळ्यात पडलंय. रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप. जुन्या सात सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनचे आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, १९२.१६८.१ च्या रेंजमधले. ते बदलायला मशीनवाल्याचा माणूस बोलवावा लागतो, आणि त्याची व्हिजिट फी ऐकली की शेठ हातातला चहा खाली ठेवतात. म्हणून मशीन तशाच ठेवून ऑफिसचे पीसी १९२.१६८.२० मध्ये न्यायचेत. सगळं एकाच साध्या स्विचवर, आणि स्विच सिस्कोच्या जुन्या राउटरच्या एका पोर्टला.

काल दुपारी टेलनेटने (पीसीवरून राउटरला कमांड द्यायची सोय) आत शिरून त्याच पोर्टवर ‘आयपी ॲड्रेस १९२.१६८.२०.१ २५५.२५५.२५५.०’ दिलं. एंटर मारलं आणि स्क्रीन जागीच गोठली. खालून ऑपरेटरांची बोंब, ऑफिसात नेट नाही. राउटर बंद-चालू केला तेव्हा पूर्ववत. एका पोर्टला दोन पत्ते चालतच नाहीत का?

ऐरोलीकर:
चालतात की. ओळीच्या शेवटी ‘सेकंडरी’ राहिलं तुमचं. ते नसलं की राउटर जुना पत्ता पुसून नवा बसवतो. तुम्ही जुन्याच पत्त्यावरून आत होतात, म्हणजे बसलेली फांदीच तोडलीत. ‘राइट मेमरी’ मारून सेव्ह केलं नव्हतंत म्हणून वाचलात, नाहीतर बंद-चालू करूनही उपयोग नव्हता.

आता आधी ‘रीलोड इन १०’ द्या. चुकलंच तर दहा मिनिटांनी राउटर आपणहून सेव्ह असलेल्या कॉन्फिगवर परत येईल. जमलं तर ‘रीलोड कॅन्सल’, मग सेव्ह. आणि ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’मध्ये दुसरा पत्ता दिसत नाही, घाबरू नका. ‘ब्रीफ’ काढून बघा.

कळवा नाका:
ऑफिसच्या पीसींना पत्ते राउटरच वाटत असेल तर थांबा. डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारी सोय) पोर्टचा पहिला पत्ता बघून पूल, म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा साठा, निवडतो, म्हणजे त्यांना १ च्याच रेंजमधले मिळत राहणार. शिवाय वायर एकच, ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम जाणारा संदेश) एकच. कुणीही आपल्या पीसीला १ चा पत्ता दिला की थेट मशीनपर्यंत. हे वेगळं करणं नव्हे, तात्पुरती सोय. मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच घ्या, दोन व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर दोन वेगळी नेटवर्कं करा, राउटरवर प्रत्येकासाठी सब-इंटरफेस (त्याच पोर्टचा वेगळा भाग).

मेंटेनन्सवाला, रबाळे:
आज शुक्रवार, कारखान्याला सुट्टी, मी एकटाच. ‘रीलोड इन १०’ देऊन घड्याळाकडे बघत टाइप केलं. चाललं! दोन्हीकडून पिंगला (‘आहेस का?’ विचारणाऱ्या हाकेला) उत्तर येतंय.

कळवा नाकावाल्यांचं मात्र तंतोतंत खरं झालं. अकाउंट्सच्या लॅपटॉपला १.१४ मिळाला, आणि तोच पत्ता आमच्या लेथचा! राउटर पत्ता देण्याआधी पिंग करून बघतो म्हणे, पण आज लेथच बंद, उत्तर कोण देणार? सातही पत्ते पूलमधून वगळले, ऑफिसच्या पीसींना हाताने पत्ते दिले. स्विचचं शेठना उद्या सांगतो, चहा संपल्यावर.