साठीत हार्मोन? चालतात, पण पंचविशीच्या मापाने नाही

वळचण (धागाकर्ता)

ट्रान्स व्यक्तींच्या उपचारांवरच्या कालच्या एका धाग्यात वाक्य वाचलं: “पन्नाशीनंतर हार्मोन सुरू करणं म्हणजे अर्धांगवायूला आवतण. या वयात नाव बदला, साडी नेसा, पण शरीराला हात लावू नका.” खाली सहमतीची रांग लागली. दोन ओळींत उत्तर भागणार नाही, म्हणून वेगळा धागा.

रक्तात गुठळी होऊन अर्धांगवायू येण्याचा धोका खरा आहे. तो कशामुळे, हे मात्र कुणी विचारलं नाही. इस्ट्रोजेनची, म्हणजे स्त्री-हार्मोनची, गोळी गिळली की ती आधी यकृतातून जाते आणि यकृत रक्त गोठवणारे घटक वाढवतं. पॅच किंवा जेल लावलं तर औषध त्वचेतून सरळ रक्तात उतरतं, यकृतावरचा तो पहिला मारा टळतो. डब्ल्यूपाथ या ट्रान्स आरोग्यावरच्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शिकेच्या २०२२ च्या आठव्या आवृत्तीत पंचेचाळिशीपुढच्यांना त्वचेवाटे द्या असं म्हटलंय ते याचसाठी. जुन्या भीतिदायक नोंदींत मोठा वाटा एथिनिल इस्ट्राडायोल या कृत्रिम इस्ट्रोजेनचा, आणि ते तर आता या कामासाठी वापरूच नये असं सांगतात. तंबाखू, आधी झालेली गुठळी, जवळच्या नात्यात गुठळ्या, हे विचारायचं आणि वय जास्त असेल तर औषधाची वाट बदलायची.

सरळवाट

ते वाक्य माझं. मागे घेत नाही. तुम्ही पुस्तकातला पेशंट रंगवताय. प्रत्यक्षातला पेशंट अठ्ठावन्न वर्षांचा, बीपी, शुगर, वर मिश्री. तालुक्याला एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनतज्ज्ञ) नाही, केमिस्टकडे पॅच नाही. मग मिळतं काय? माला-डी, गर्भनिरोधक गोळी. तीत एथिनिल इस्ट्राडायोलच असतं, एका गोळीत ३० मायक्रोग्रॅम, आणि लोक दिवसाला चार-चार घेतात. अशा माणसाला “वाट बदला” म्हणून काय उपयोग? थांबा म्हणणं जास्त प्रामाणिक.

औषधपेटी

सरळवाट, माला-डीबद्दल शंभर टक्के बरोबर. पण थांबा म्हटल्याने लोक थांबत नाहीत, माला-डीवरच राहतात. पॅच नसेल तर ०.०६ टक्क्यांचं इस्ट्राडायोल जेल मागवून घेता येतं, २.५ ग्रॅम जेलमध्ये १.५ मिलिग्रॅम औषध. लावल्यावर वाळू द्यायचं, तेवढा वेळ नातवंडं-सुना कुणाची कातडी लागू द्यायची नाही. रक्त तपासायला द्याल तेव्हा ज्या हाताला जेल लावता त्या हातातून काढू देऊ नका. आकडा खोटा चढतो, डॉक्टर डोस उतरवतात आणि परिणाम थांबतो. इस्ट्राडायोल मिलिलिटरला १०० ते २०० पिकोग्रॅम, टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या खाली, हे लक्ष्य. पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी तपासणी.

या वयातली खरी खोड वेगळीच आहे: स्पायरोनोलॅक्टोन. टेस्टोस्टेरॉन दाबायला देतात आणि ते पोटॅशियम अडवून धरतं. बीपीची टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन पण तेच करते. त्यात घरात “लो सोडियम” मीठ, म्हणजे त्यातही पोटॅशियम क्लोराइड. तिन्ही एकत्र आलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि आधी काही जाणवतही नाही. सुरू केल्यावर आठवड्याने आणि महिन्याने पोटॅशियम-क्रिएटिनिन करा. पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं की त्याच दिवशी डॉक्टरला फोन.

कातळशिल्प

ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्माला मुलगी म्हणून नोंदलेले पुरुष, या चर्चेत नेहमीप्रमाणे गायब. “साडी नेसा” म्हणणाऱ्याला तर ते असतात हेही ठाऊक नसावं. टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होतं, म्हणून सीबीसी या रक्ततपासणीतला हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का) बघायचा. ५४ च्या वर गेला तर डोस कमी, किंवा दोन आठवड्यांच्या मोठ्या इंजेक्शनऐवजी दर आठवड्याला छोटं, किंवा जेल. रात्री घोरणं वाढलं असेल तर स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) हेही तपासा, त्यानेही रक्त दाट होतं. लॅबला फॉर्मवर स्त्री लिहिलं की नॉर्मल हिमोग्लोबिनसुद्धा लाल रंगात छापून येतं आणि लोक घाबरून औषध सोडतात. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला तर “टेस्टोस्टेरॉनमुळे असेल” म्हणून सोडू नका, सोनोग्राफी करा.

आरसपानी

अवांतर वाटेल, पण साठीतल्या ट्रान्स स्त्रीचं रोजचं दुखणं रक्ताच्या रिपोर्टमध्ये नसतं, दाढीत असतं. हार्मोनने दाढी जात नाही. आवाजही बदलत नाही. आणि पार्लरवाले पांढऱ्या दाढीला लेझरची सहा-आठ सिटिंगची पॅकेजं विकतात, याची मला चीड आहे. लेझर केसातला काळा रंग पकडतो. पांढऱ्या केसात तो नसतो, तर मुळापर्यंत उष्णता पोचणार कशी? “आधी डाय लावून या” सांगणारे तर सरळ फसवतात. डाय वरच्या काडीला लागतो, मुळाला नाही, आणि वरून कातडी भाजते.

पांढऱ्याला उपाय एकच, इलेक्ट्रोलिसिस. एकेका केसाच्या मुळात सुई, तिच्यातून करंट. पूर्ण चेहऱ्याला शंभराच्या पुढे तास, वर्ष-दीड वर्षात विभागून.

टाचणी

म्हणून सगळ्यांना इलेक्ट्रोलिसिसला पाठवायचं? अर्धवट सल्ला आहे हा. पन्नाशीत दाढी मीठ-मिरी असते. काळे केस आधी लेझरने काढले की सुईचे तास खूप वाचतात. आपल्या सावळ्या कातडीला लाँग-पल्स एनडी-याग जातीचं लेझर, १०६४ नॅनोमीटर. आयपीएल (लेझर नव्हे, नुसता प्रखर प्रकाशझोत) नको, डाग पडतात.

आरसपानी

लेझर नको असं मी कुठे लिहिलं? पांढऱ्याला नको असं लिहिलंय. नीट वाचा. आणि दोन्ही एकत्र करणारे नेमके कुठे चुकतात तेही ऐका: लेझरच्या आदल्या दिवशी दाढी करायची, इलेक्ट्रोलिसिसच्या आधी दोन-तीन दिवस वाढू द्यायची, कारण चिमट्यात केस धरता आला पाहिजे. मधल्या काळात थ्रेडिंग, वॅक्स, उपटणं बंद. केस उपटला की दोघांनाही लक्ष्य उरत नाही आणि पैसे वाया.

टाचणी

ठीक, क्रम मान्य. पण तुमच्या सल्ल्यात वयाचा विचार कुठे आहे? पेसमेकर असेल तर हृदयरोगतज्ज्ञाच्या परवानगीशिवाय सुई लावून घ्यायची नाही. शुगर जास्त असेल तर खपल्या उशिरा भरतात आणि पू होतो, म्हणून एकाच जागी लागोपाठ केस काढू नयेत. बधिर करायचं मलम पूर्ण चेहऱ्याला जाड थापून वर प्लास्टिक गुंडाळणारे आहेत. लिडोकेन रक्तात चढलं तर झटके येतात. हे आधी सांगा, मग पार्लरांवर चिडा.

आरसपानी

हे तीनही मुद्दे बरोबर आहेत. बोलण्याची पद्धत नाही.

वळचण

धागा दाढीत अडकला, पण अडकू दे, कामाचं आहे. सरळवाट, शस्त्रक्रियेचं काय? “शरीराला हात लावू नका” वर अजून उभे आहात?

सरळवाट

शस्त्रक्रियेवर तर आणखीच. योनी घडवली की डायलेशन (मार्ग आवळू नये म्हणून आत नळी घालून ठेवणं) जन्मभर, पहिले काही महिने दिवसातून अनेकदा. गुडघे-कंबर गेलेल्या बाईने हे कसं करायचं? निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जोडलेली कातडी काळी पडते, मग ते सिगारेटचं असो की मिश्रीचं.

कातळशिल्प

मग बिनखोलीची शस्त्रक्रिया का नाही सांगत? बाहेरची रचना होते, आतला मार्ग करत नाहीत. डायलेशन नाही, त्या कातडीवरचे केस आधी काढणं नाही, सावरायला वेळ कमी. संभोगासाठी मार्ग नको असलेल्या कितीतरी जणी हेच निवडतात. मिश्री निदान सहा आठवडे आधी बंद, शुगर ताब्यात. आणि प्रोस्टेट दोन्हीत तिथेच राहतं, त्यामुळे पुढे लघवीची तक्रार आली तर डॉक्टरला सांगायचं. इस्ट्रोजेनवर पीएसए (प्रोस्टेटच्या रक्तचाचणीचा आकडा) खूप खाली येतो, म्हणून छापील ४ ची मर्यादा धरू नका. १ च्या वर गेला तरी लक्ष द्या.

सरळवाट

बिनखोलीचा पर्याय मी धरला नव्हता. बरं, वाक्य बदलतो: पन्नाशीनंतर पोटातून इस्ट्रोजेन नको आणि देखरेखीशिवाय काहीच नको. याच्यापुढे मी सरकणार नाही. आणि “नाव बदला” तरी चूक नव्हतं ना?

औषधपेटी

चूक नाही, अपुरं आहे. शस्त्रक्रियेची अट न घालता ओळख मान्य करा हे सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ लाच सांगितलं. पण पेन्शनर असाल तर क्रम पाळा: राजपत्र, आधार, पॅन, बँक आणि लगोलग पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश). नोव्हेंबरच्या तोंडावर फक्त आधार बदललं तर हयातीच्या दाखल्यात आधारवर नवं नाव, पीपीओवर जुनं, आणि पेन्शन अडकतं. डिसेंबर-जानेवारीत सुरू करा, पुढच्या नोव्हेंबरपर्यंत वेळ मिळतो. वारसदाराच्या नोंदीतही तुमचं नवं नाव जायला हवं, नाहीतर कुटुंब निवृत्तिवेतनाला जोडीदार धावाधाव करत बसेल.

टाचणी

दाढीचं एक राहिलं. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सुईच्या जागी काळंनिळं पडतं. म्हणून गोळी स्वतःहून बंद करून सिटिंगला जाऊ नका. स्टेंट असलेल्या माणसाने तर मुळीच नाही. हाताळणाऱ्याला सांगा, सिटिंग छोटं घ्या, नंतर बर्फ लावा.