अनुभव धागा: जीव लावणं आणि जीव खाणं

ज्याच्यावर जीव जडलाय त्याच्याच संशयाने जीव मेटाकुटीला येतो, तेव्हा नेमकं काय करायचं आणि ते कुठे फसतं, तेवढंच लिहा. प्रेमकहाण्या नकोत.

तिखटमीठ: फोनचा पासवर्ड देऊन संशय मिटत नाही, वाढतो. मेसेज तपासले की हायसं वाटतं, पण थोड्याच वेळात नवी शंका येते आणि पुन्हा तपासावंसं वाटतं. ज्याला संशय येतो त्याने तपासणं एकदम सोडायला जाऊ नये, टिकत नाही. आधी १५ मिनिटं थांबायचं, जमलं की अर्धा तास. त्या वेळात कशाची भीती वाटतेय ते एका ओळीत लिहायचं. दुसऱ्याने प्रश्नाचं उत्तर एकदा द्यावं, नीट, पूर्ण. तोच प्रश्न पुन्हा आला तर 'सकाळी सांगितलंय' एवढंच. मात्र हे दोघांचं आधी ठरलेलं हवं. न सांगता सुरू केलं तर 'आता लपवायला लागला' असाच अर्थ निघतो.

भांडकुदळ: भांडण तापलं की किमान २० मिनिटं वेगळं व्हा. छातीत धडधडत असताना समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरत नाही. फक्त परत कधी येणार ते सांगून उठा: 'साडेनऊला बोलू.' नुसतं दार आपटून गेलात, तर सोडून जाण्याची जी भीती मुळाशी असते तिलाच खतपाणी मिळतं. त्या २० मिनिटांत जुने चॅट उकरत बसलात तर थांबून काही उपयोग नाही.

रात्रपाळी: व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास देता येतं. उशिरा घरी येताना १ तास पुरतो. गूगल मॅप्सवर मात्र 'बंद करेपर्यंत' हा पर्याय आहे आणि तो चालू राहिलाय हे लोक विसरतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा. अनोळखी लॅपटॉप दिसला तर तिथून कुणीतरी तुमचे मेसेज वाचतंय, तो लॉगआउट करा.

काळा कोट: रात्रपाळी, एक भर. जोडीदार हात उचलणारा असेल तर हे लॉगआउट अचानक करू नका, त्याला लगेच कळतं आणि धोका वाढतो. आधी कुठे जायचं ते ठरवा, फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरून करा: महिलांसाठी १८१, तातडीला ११२. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लग्नासारख्या एकत्र राहण्यालाही लागू आहे, आणि त्यात मानसिक व आर्थिक छळही येतो. नकार देऊनही पुरुष बाईचा पाठलाग करत राहिला, किंवा तिच्या ऑनलाइन वावरावर पाळत ठेवली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७८: पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद. पाठलागाचा त्रास पुरुषाला होत असेल तर त्याला हे कलम उपयोगी नाही. त्याने धमकी, मारहाण, ब्लॅकमेल यांची तक्रार द्यावी.

तिखटमीठ: आणि संशय ज्याचा त्यालाच झोपू देत नसेल, तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.