कोस्टारिकात दिसलेला हा छोटा धनेश कुठला?

पानगळ:
नमस्कार मंडळी, मागच्या आठवड्यात आम्ही कोस्टारिकात ला सेल्वाच्या जंगलात होतो. संध्याकाळी सहा पक्षी एकामागोमाग एक रांगेत उडत आले आणि सगळेच्या सगळे एकाच ढोलीत शिरले. लांबीला कावळ्याएवढे पण अंगाने सडपातळ, डोकं काळं, पोट पिवळं आणि त्यावर लाल-काळा पट्टा, चोच ही भली मोठी. धनेशच ना हे? पण धनेशाची मादी अंड्यांवर बसताना ढोलीचं तोंड लिंपून एकटीच आत राहते, मग इथे सहा जण कसे काय? आणि एवढ्या चोची घेऊन मावतात कसे??

तांबटप्रेमी:
धनेश नाही हो, धनेश अमेरिकेत नसतातच. हा टूकन, त्यातला छोटा, कॉलर्ड अराकारी. 40 सेंमीच्या आसपास लांबी आणि वजन जेमतेम पावकिलो. टूकनचे भाऊबंद म्हणजे सुतारपक्षी आणि आपला टुक टुक करणारा तांबट. पाय बघा, दोन बोटं पुढे दोन मागे असतात, धनेशाची तीन पुढे. चोच सारखी दिसते कारण काम सारखं, बारीक फांदीच्या टोकाचं फळ लांबूनच तोडायचं. आतून हाडाची जाळी असते म्हणून वजनाला अगदी हलकी.

रानमेवा:
मावायचं कोडं शेपटीत आहे! झोपताना चोच पाठीवर टेकवतात आणि शेपूट उलटी वळवून वर पांघरतात, त्यांच्या शेपटीचे मणकेच तसे वळतात, मग पक्ष्याचा नुसता गोळा होतो. ढोली बहुतेक सुताराने सोडलेली असते. अंडी साधारण तीन, आईबाप दोघंही उबवतात, 16 दिवस वगैरे. पिल्लं आंधळी, उघडी, आणि ढोलीच्या टणक तळावर बसायचं म्हणून टाचांना जाड गाद्या! पक्षी अभ्यासक अलेक्झांडर स्कच यांनी पनामात बारो कोलोरॅडो बेटावर पाहिलं होतं की आईबापांशिवाय घोळक्यातले बाकीचे मोठे पक्षीसुद्धा पिल्लांना भरवतात. मला हे फार आवडतं.

तांबटप्रेमी:
हो आणि गरीब फळखाऊ समजू नका, दुसऱ्यांच्या घरट्यातली अंडी-पिल्लंही पळवतात, किडे-पाली पण खातात. तिथे जायफळाच्या कुळातली विरोला नावाची झाडं आहेत, त्यांचं बी गिळून वरची लाल जायपत्री पोटात ठेवतात आणि बी उलटून टाकतात, म्हणजे झाडाची पेरणी झाली. आपल्या सह्याद्रीत रानजायफळाचं हेच काम धनेश करतात, तेव्हा तुमची गल्लत अगदीच उगाच नाही. फक्त पुढच्या वेळी ढोलीवर टॉर्च किंवा फ्लॅश मारू नका प्लीज, लांब बसूनच बघा.

पानगळ:
नाही नाही, लांबूनच बघितलं, फ्लॅश बंद होता. आत्ता फोटो झूम केला तर खरंच दोन बोटं पुढे दोन मागे!! आईला धनेश म्हणून पाठवलाय, तिला फोन करून सांगते आधी.