मदत हवी आहे: विज्ञान महाविद्यालयाच्या पंचवार्षिक आराखड्याची प्रगती मोजायची कशी?

प्रयोगवही

पुण्यातल्या एका अनुदानित विज्ञान महाविद्यालयात आयक्यूएसीचं (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं) काम बघते. महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे, स्वायत्त नाही. २०२२-२७ चा आराखडा छापून तयार आहे: ६ ध्येयं आणि त्यांखाली ४१ उद्दिष्टं. पुढच्या महिन्यात महाविद्यालय विकास समितीची बैठक आहे. 'आराखडा कुठवर आला' हे प्राचार्यांना एका पानात हवं आहे.

अडचणी तीन. "संशोधन संस्कृती रुजवणे" यासारख्या उद्दिष्टात मोजायचं काय? दुसरी, एफवायबीएस्सीची गळती कार्यालय एक सांगतं, विभाग दुसरी, आणि गेल्या एक्यूएआरमध्ये (नॅक या मूल्यांकन संस्थेला पाठवायच्या वार्षिक अहवालात) तिसरीच आहे. तिसरी, संशोधनलेखांची मोजणी यूजीसी-केअर यादीवर (यूजीसीने मान्य केलेल्या नियतकालिकांच्या यादीवर) बेतलेली होती आणि ती यादी आता बंद झाली.

शिवाय सगळं एकत्र करून १०० पैकी गुण काढावेत अशी सूचना आली आहे. ते योग्य होईल का? एक्सेल बऱ्यापैकी येतं, वेगळं सॉफ्टवेअर घेण्याची तयारी नाही.

आकडेमोड

सॉफ्टवेअर लागणारही नाही. ४१ उद्दिष्टं एका शीटवर उतरवा आणि प्रत्येकापुढे लिहा: हे साधलं हे कशावरून कळेल?

काही उद्दिष्टं म्हणजे निव्वळ कामं असतात. सेमिनार हॉल, सोलर पॅनल, ग्रंथालयाचं संगणकीकरण. त्यांना टक्केवारी लावू नका. झालं, चालू आहे, सुरू नाही, आणि अपेक्षित तारीख, एवढं पुरे. "सोलरचं काम ६० टक्के" म्हटलं की कोणी खर्च धरतो, कोणी बसवलेली पॅनल. काही उद्दिष्टं म्हणजे बदल: गळती, निकाल, पुढील शिक्षण. खरं मोजमाप इथेच. उरलेली उद्दिष्टं म्हणजे नुसत्या इच्छा. त्यांतल्या ज्यांचं बदलात रूपांतर होईल त्यांचं करा, बाकीच्यांबद्दल 'हे मोजता येत नाही' असं समितीला सरळ सांगा. प्रत्येक उद्दिष्टाला निर्देशक चिकटवायचाच, या हट्टातून 'घेतलेल्या कार्यशाळांची संख्या' असले आकडे निघतात. कार्यशाळा वाढल्या म्हणून संशोधन वाढत नाही.

संशोधन संस्कृतीसाठी मी तीनच निर्देशक घेईन. गेल्या तीन वर्षांत किमान एक लेख असलेल्या पूर्णवेळ शिक्षकांचं प्रमाण. बाहेरच्या परीक्षकाने तपासलेला प्रकल्प लेखी सादर करणाऱ्या टीवायच्या विद्यार्थ्यांचं प्रमाण. आणि बाहेरून खात्यात जमा झालेला संशोधन निधी. मंजूर झालेला नव्हे, जमा झालेला. मंजुरीपत्र आणि पहिला हप्ता यांत कधी कधी अख्खं आर्थिक वर्ष जातं. लेखांची एकूण संख्या मुद्दाम टाळली आहे. दोन शिक्षकांनी वीस लेख लिहिले की आकडा फुगतो आणि बाकीचे विभाग जिथल्या तिथे राहतात.

प्रत्येक निर्देशकाचं एक कार्ड करा: नाव, अंश, छेद, कोणत्या तारखेची स्थिती, कोणत्या रजिस्टरमधून, कोण काढणार, कोण तपासणार, वाढलेलं चांगलं की कमी झालेलं. तुमचे तीन आकडे तीन निघतात ते छेद आणि तारीख आधी ठरली नाही म्हणून.

पटसंख्या

गळतीचं सविस्तर सांगतो, कारण विज्ञान शाखेत हा आकडा हमखास चुकतो.

बारावीनंतर मुलं आधी बीएस्सीला प्रवेश घेऊन ठेवतात. मग सीईटी सेलच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेऱ्या सुरू होतात आणि अभियांत्रिकी, फार्मसी, वैद्यकीयला नंबर लागेल तशी निघून जातात. ही गळती नव्हे, हे रद्द प्रवेश. शेवटच्या फेऱ्या संपल्यावरची एक तारीख छेदासाठी पक्की करा आणि पाचही वर्षं तीच ठेवा. ज्या वर्षी फेऱ्या लांबतील त्या वर्षी तारीख बदलून कार्डावर तशी नोंद करा.

समजा एफवायला २४० प्रवेश झाले. ठरलेल्या तारखेआधी ३८ जणांनी प्रवेश रद्द केला. उरले २०२, हा छेद. पुढच्या वर्षी एसवायच्या पटावर १७९. पण त्यांतले ८ जण दुसऱ्या महाविद्यालयातून थेट एसवायला आलेले. म्हणजे मूळ तुकडीतले १७१. राहिलेल्या ३१ पैकी १२ वायडी, म्हणजे वर्ष गेलेलं, पण नाव पटावर आहे. खरोखर सोडून गेलेले १९.

आता बघा. कार्यालय २४० मधून १७९ वजा करतं: ६१, म्हणजे २५.४ टक्के. विभाग २०२ मधून १७९ वजा करतो: २३, म्हणजे ११.४ टक्के. योग्य आकडा १९ भागिले २०२, म्हणजे ९.४ टक्के. खोटं कोणीच बोलत नाही, पण समितीपुढे तिन्ही आकडे आले तर एकावरही विश्वास बसणार नाही.

करायचं असं: दोन्ही वर्षांच्या याद्या पीआरएनने (विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकाने) जुळवा, नावाने नको. नावात आडनाव आधी-नंतर, आईचं नाव, स्पेलिंग, सगळं बदलतं. एक्सेलमध्ये पीआरएनचा रकाना दोन्ही शीटवर 'टेक्स्ट' करून घ्या, नाहीतर एका शीटवर अंक आणि दुसरीवर मजकूर असला की व्हीलुकअप काहीच जुळवत नाही आणि सगळेच गळालेले दिसतात. मग प्रत्येक विद्यार्थ्यापुढे चारपैकी एक शेरा: पुढे गेला, वायडी, टीसी नेली, पत्ता नाही. 'पत्ता नाही' गट मोठा असेल तर शेऱ्यांवर विसंबू नका, आधी विभागाकडून फोन करवून घ्या.

रद्द प्रवेशांचे ३८ फेकून देऊ नका. त्यांचा स्वतंत्र निर्देशक करा, कारण त्या जागा रिकाम्या राहतात आणि त्याचा उपाय गळतीच्या उपायाहून अगदी वेगळा आहे: प्रतीक्षा यादी शेवटपर्यंत चालू ठेवणं.

प्रयोगवही

तीन आकड्यांचं कोडं सुटलं, मनापासून आभार. आमच्याकडे अगदी हेच होतंय. लेखांचं काय करू? पहिल्या वर्षांचे आकडे केअर यादीप्रमाणे, या वर्षीचा कशाप्रमाणे?

संदर्भसूची

केअर यादीचं काम आपल्या पुणे विद्यापीठातच चालायचं. यूजीसीने २०२५ च्या फेब्रुवारीत ती बंद झाल्याचं जाहीर केलं. जुने आकडे तसेच ठेवून पुढे नव्या व्याख्येने मोजलंत तर आलेखात जी उडी किंवा घसरण दिसेल ती कामाची नसेल, व्याख्येची असेल. म्हणून २०२२-२३ पासूनची सगळी वर्षं नव्या व्याख्येने पुन्हा मोजा. व्याख्या सोपी ठेवा: त्या वर्षी स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्समध्ये नोंद असलेलं नियतकालिक. जुना आकडा शेजारच्या रकान्यात राहू द्या, खोडू नका.

मोजताना चार ठिकाणी घोळ होतो. एकाच लेखाचे दोन लेखक तुमच्याच महाविद्यालयातले असले की दोन्ही विभाग तो देतात. डीओआयवरून (प्रत्येक लेखाच्या कायमच्या ऑनलाइन क्रमांकावरून) दुहेरी नोंदी काढा, पण त्याआधी रकाना साफ करा: कोणी नुसता क्रमांक देतं, कोणी पुढे पूर्ण लिंक जोडतं, आणि मग एक्सेलला ते दोन वेगळे लेख वाटतात. लिंकचा सुरुवातीचा भाग 'फाइंड अँड रिप्लेस'ने उडवा, मोकळ्या जागा ट्रिमने काढा, सगळी इंग्रजी अक्षरं लहान (लोअरकेस) करा.

दुसरं, पत्ता. पुण्यात बरेच शिक्षक एनसीएल, आयसर, आघारकर या संशोधन संस्थांतल्या गटांबरोबर काम करतात आणि लेखावर फक्त त्या संस्थेचा पत्ता असतो. महाविद्यालयाचं नाव छापलेलं नसेल तर लेख मोजू नका, नॅकच्या डीव्हीव्हीत (माहितीच्या पडताळणीत) तो टिकणार नाही. शिक्षकांना महाविद्यालयाच्या नावाची एकच ठरलेली इंग्रजी ओळ द्या आणि ती जशीच्या तशी वापरायला सांगा.

तिसरं, वर्ष. ऑनलाइन प्रकाशन डिसेंबरात, अंक मार्चमध्ये. कोणतं धरायचं ते कार्डावर लिहा. चौथं, नोकरी सोडून गेलेल्या शिक्षकांचे लेख. ते इथे असताना छापलेले लेख धरा, पण 'लेख असलेल्या शिक्षकांचं प्रमाण' काढताना अंश आणि छेद दोन्हीकडे आज नोकरीत असलेलेच घ्या.

आकडेमोड

१०० पैकी गुणांबद्दल: करू नका. प्रयोगशाळा पूर्ण झाली आणि त्याच वर्षी गळती वाढली तर बेरीज तीच राहते आणि समितीला काहीच कळत नाही.

कसोटीविवेक

थोडा वेगळा मुद्दा. व्यवस्थापनाला एक आकडा लागतोच. नॅकच्या २०१७ च्या चौकटीत संलग्न महाविद्यालयांसाठी १००० पैकी ३५० गुण अध्यापन-मूल्यमापनाच्या दुसऱ्या निकषाला आहेत. तेच भार वापरले तर निदान मनमानीचा आरोप होणार नाही.

आकडेमोड

सर, ते भार बाहेरून मूल्यांकन करण्यासाठी आहेत. आराखडा महाविद्यालयाने स्वतः ठरवलेला, त्यातलं काय जास्त महत्त्वाचं तेही त्यांनीच ठरवायचं. एक आकडा द्यायचाच असेल तर हा द्या: अमुक निर्देशकांपैकी इतके वेळेवर, इतके मागे, इतक्यांची माहितीच नाही. तिसरा गट लपवू नका.

वेळेवर की मागे, हे ठरवायला एक साधं गणित आहे. आत्ताची किंमत वजा सुरुवातीची, भागिले लक्ष्य वजा सुरुवातीची. समजा लेख असलेल्या शिक्षकांचं प्रमाण सुरुवातीला २२ टक्के होतं, लक्ष्य ४०, आज २८. ६ भागिले १८, म्हणजे एक तृतीयांश वाट संपली. पाचपैकी तीन वर्षं गेली, म्हणजे वेळ ६० टक्के गेला. हा निर्देशक मागे आहे. कमी व्हायला हव्या असलेल्या गोष्टींनाही हेच सूत्र चालतं: ३० वरून १५ वर आणायचं, आज २४, तर उणे ६ भागिले उणे १५, म्हणजे ४० टक्के.

रंग द्यायचे असतील तर नियम आधी ठरवा. वाट वेळेच्या बरोबरीने किंवा पुढे असेल तर हिरवा, वेळेच्या तीन चतुर्थांशापेक्षा कमी नसेल तर पिवळा, त्याखाली लाल. बैठकीच्या आदल्या दिवशी रंग ठरवायला बसलं की सगळंच पिवळं होतं.

छोट्या विभागांना हे वर्षागणिक लावू नका. टीवायला १४ विद्यार्थी असतील तर एकाच्या निकालाने टक्केवारी ७ ने हलते. तिथे तीन वर्षांची एकत्र बेरीज करा. अंशांची बेरीज भागिले छेदांची बेरीज. टक्केवारींची सरासरी काढू नका.

कसोटीविवेक

हे पटलं. सीओ-पीओ अटेनमेंटबद्दल (अभ्यासक्रमाची ठरलेली फलितं विद्यार्थ्यांनी किती साधली याच्या मोजणीबद्दल) एक भर घालतो. दोन क्रेडिटच्या पेपरला १५ गुण अंतर्गत आणि ३५ विद्यापीठाचे. अंतर्गत गुण बहुतेकांचे १२ ते १४ च्या पट्ट्यात असतात, त्यामुळे दोन्ही एकत्र केले की सगळे पेपर वरच्या पातळीवर दिसतात. दोन्हींची टक्केवारी वेगळी काढा. अंतर्गत ८५ आणि लेखी ४२ असं अंतर एखाद्या विषयात दरवर्षी येत असेल, तर अंतर्गत चाचणी नेमकं काय तपासते हे विभागाला विचारायला हवं. माझ्या मते अख्ख्या अटेनमेंटच्या फायलीपेक्षा हे अंतर जास्त उपयोगी आहे.

आणि निकाल काढताना छेद 'परीक्षेला बसलेले' की 'प्रवेश घेतलेले' ते लिहा. तीन वर्षांत, एकही केटी मागे न ठेवता बाहेर पडलेले किती, हा तुकडीचा आकडा टीवायच्या निकालापेक्षा बराच खाली येतो. समितीला दोन्ही दाखवा.

पटसंख्या

पुढील शिक्षण आणि नोकरीची माहिती पदवीनंतर सहा महिन्यांनी फोनवर गोळा करायला गेलात तर निम्मे उचलत नाहीत. शेवटची गुणपत्रिका किंवा टीसी न्यायला येतात तेव्हाच खिडकीवर एक छोटा फॉर्म भरून घ्या: पीआरएन, चालू मोबाइल, घरच्यांचा दुसरा नंबर, कुठे अर्ज केलाय. मग डिसेंबरात एकदा विचारा आणि प्रवेशाची पावती किंवा ओळखपत्राचा फोटो मागवा. ज्यांचं उत्तर नाही त्यांना 'माहिती नाही' असंच लिहा. ना बेकार धरा, ना छेदातून वगळा. उत्तर देणाऱ्यांपुरती टक्केवारी काढली तर ती नेहमी जास्त येते, कारण ज्यांचं बरं चाललंय ते आधी कळवतात.

प्रयोगवही

एका पानाचा आराखडा डोळ्यांपुढे आला. शेवटचं विचारते. "प्रयोगशाळांचं बळकटीकरण" या उद्दिष्टाखाली आजवर फक्त खरेदीचा खर्च दाखवला जातो. वेगळं काय दाखवता येईल? आणि हे सगळं समितीपुढे कोणत्या अधिकारात ठेवायचं?

संदर्भसूची

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ प्रमाणे महाविद्यालयाचा सर्वंकष विकास आराखडा करणं हे महाविद्यालय विकास समितीचंच काम आहे. मागे पडलेल्या प्रत्येक निर्देशकापुढे ठरावाचा मसुदा लिहून न्या: काय करायचं, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत, किती पैसे. इतिवृत्तात ते आलं की नॅकच्या सहाव्या निकषाला पुरावाही मिळतो. आकडे एका ठरलेल्या तारखेला गोठवा, पीडीएफवर कार्यालय अधीक्षक आणि विभागप्रमुखांची सही घ्या; नंतरची दुरुस्ती नवीन ओळीत, कारणासह.

आकडेमोड

प्रयोगशाळेसाठी खर्चाऐवजी वापर मोजा. डेड स्टॉक रजिस्टरवर (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) यंत्र आहे म्हणजे ते चालतं असं नाही. मोठ्या यंत्रांची यादी करा (यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर, एचपीएलसी, पीसीआर, जे असेल ते) आणि प्रत्येकाच्या लॉगबुकमधून सत्रागणिक तीन गोष्टी काढा: वापराचे तास, त्यांतले पदवीच्या विद्यार्थ्यांचे किती, आणि बंद पडलेले दिवस. बंद दिवसांपुढे कारण लिहून घ्या. दिवा गेला, कॉलम संपला, एएमसी (वार्षिक देखभाल करार) संपली, की चालवणारं कोणी नाही. पहिल्या तीन कारणांना पैसे लागतात, चौथ्याला प्रशिक्षण.

बीएस्सीच्या नेहमीच्या प्रॅक्टिकलसाठी आणखी एक निर्देशक: एका उपकरणसंचावर किती विद्यार्थी. ज्या बॅचला एका पोटेन्शिओमीटरवर चौघे उभे असतात तिथे दोघे वाचन घेतात आणि दोघे उतरवून घेतात. वेळापत्रक आणि उपकरणांची यादी समोर ठेवली तर हा आकडा अर्ध्या दिवसात निघतो. लॉगबुकं नसतील तर या सत्रापासून सुरू करा आणि मागच्या वर्षांच्या रकान्यात 'नोंद नाही' लिहा, अंदाज भरू नका.