जुन्या लाकडी स्कीला पुन्हा डांबर लावावं का?

हिमरेघ (धागाकर्ता)
जुनी लाकडी स्की हाती आली की लोक ती घासतात, तळाला पाइनचं डांबर, वर व्हार्निश, आणि मग भिंतीवर. याला जतन म्हणायला मी तयार नाही. पाय ठेवायच्या जागी लाकडातून आडवी आरपार खाच असेल, तर तिथे १८९४ च्या हुइटफेल्ट पद्धतीच्या बाइंडिंगची (बूट स्कीला अडकवायच्या पकडीची) लोखंडी पट्टी बसत असावी. ती खाच बुजवून वर स्क्रूंनी रोटेफेला हे नंतरचं बाइंडिंग बसवलेलं दिसलं, तर स्की १९२७ नंतरही वापरात होती. खाचेत पुट्टी भरून पॉलिश केलं की हा सगळा पुरावा गेला.

टेलेमार्की
खाच बुजवू नये, मान्य. पण डांबराने काय बिघडवलंय? एकसंध लाकडाच्या स्कीला ते नेहमीच लावत. पाणी मुरत नाही, वॅक्स धरून राहतं. आणि कपाटातल्या स्कीवरून ती चालायची कशी हे कळत नाही. नॉर्वेत डिगरवार्डनच्या बर्फात २०१४ मध्ये एक स्की सापडली, २०२१ मध्ये पाच मीटरवर तिची जोडीदार; वय सुमारे १३०० वर्षं. संशोधकांनी प्रतिकृती करून बर्फावर चालवली, तेव्हा कळलं की ती चढावर आणि उतारावर दोन्हीकडे चालते.

हिमरेघ
प्रतिकृती चालवली, मूळ नाही! माझा मुद्दा तोच. तळावरचं जुनं वॅक्ससुद्धा पुरावा आहे. एस्टब्यूच्या क्लिस्टरचं, म्हणजे चिकट स्की-वॅक्सचं, पेटंट १९१३ चं. तसला थर शिल्लक असेल तर प्रयोगशाळेत तपासता येतो. डांबर मुरवायला ब्लोटॉर्च फिरवला की तो वितळून फडक्यात येतो.

सांधेजोड
तुम्ही दोघंही एकसंध लाकडाचंच बोलताय. १९३० नंतरच्या लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या स्कीला ब्लोटॉर्च लावूच नका, जुना सरस उष्णतेने सुटतो आणि कडेला फट पडते. ब्लोटॉर्चच्या खऱ्या बळी याच.
ठेवण्याबद्दल: आर्द्रता ४५ ते ५५ टक्के, चढउतार कमी. भिंतीला टेकवून उभी नको, आडवी ठेवा, तीन ठिकाणी फोमचा आधार. जोडी तळाला तळ लावून करकचून आवळली की मधला बाक मरतो, तो परत येत नाही. चामड्याच्या पट्ट्याला तेल चोपडू नका. तो चिकट होतो, धूळ धरतो. तांबडी भुकटी सुटत असेल तर वाकवूही नका. गंजलेल्या लोखंडाला सँडपेपर नको, मऊ ब्रश पुरे.

टेलेमार्की
चिकटवलेल्या स्कीचं पटलं. पण कुणाची, कुठली हे काहीच माहीत नसलेली, कारखान्यात ढिगाने बनलेली एकसंध हिकरी लाकडाची जोडी? तीही फोमवर निजवायची? अशा दहा जोड्या एका संग्रहालयाला नकोच असतात. त्यातली एखादी डांबर लावून पोरांच्या पायात द्यायला काय हरकत?

हिमरेघ
आधी नोंद करा, मग द्या. वरून, तळ, दोन्ही कडा, टोक, शेपूट, बाइंडिंग: प्रत्येक फोटोत मोजपट्टी. एक फोटो अंधारात, विजेरी जवळजवळ आडवी धरून. झिजलेला कारखान्याचा शिक्का त्यातच उठून दिसतो. क्रमांकाचं लेबल सुती फितीने बांधा, स्टिकर नको, त्याचा गोंद लाकडात उतरतो. फोटो आणि मापं सगळ्यांना उघडी ठेवा. नोंद नसलेली जोडी पोरांना द्यायला माझा विरोध कायम.

सांधेजोड
शिक्का न पाहता "कारखान्यातली" ठरवलंत कसं, टेलेमार्की?