वसरीला गडद जांभळट निळा रंग द्यायचाय, सल्ला हवा (फोंडा)

वसरीवाली
फोंड्याजवळ जुनं कौलारू घर आहे, चिऱ्याच्या भिंती, वर चुन्याचा गिलावा. वसरीला कधीकाळी दिलेला पिवळट ऑइलपेंट आता पोपडे धरतोय. मला तिथे गोकर्णीच्या फुलासारखा गडद जांभळट निळा हवा. जमीन लाल सिमेंटची, फर्निचर शिसवाचं, खिडक्या दोनच आणि दोन्ही पश्चिमेला. सासूबाईंच्या अटी दोन: चवथीआधी झालं पाहिजे आणि काळोख वाटता नये. चारी भिंती रंगवू की एकच? कंपनी कुठली ते नका सांगू. टिकेल का आणि शोभेल का, तेवढं सांगा.

अंत्रुजवासी
एकच. गणपती बसतो ती. माटोळीतले (गणपतीच्या वर फळं-फुलं टांगायची चौकट) सुपारीचे घड, केळी, पिवळीधमक फळं त्या निळ्यावर अशी उठून दिसतील की सासूबाईच पुढच्या वर्षी दुसरी भिंत मागतील.

मळ्यातली
मी चारी म्हणेन. पणजीत फोंतेन्हासला येऊन बघा, अख्खी घरं निळी आहेत, कुठे काळोख वाटतो?

अंत्रुजवासी
अगो, ती बाहेरून निळी! वर ऊन आणि कडेने पांढरे पट्टे. आत दोन खिडक्यांच्या उजेडात तोच रंग संध्याकाळी सहाला काळा दिसेल.

चिरा_आणि_चुना
रंगाचं नंतर बघू, आधी भिंतीचं. मृग लागलाय आणि तुम्ही चवथीची मुदत घेऊन बसलाय, हे मला पटत नाही. चिरा पाणी शोषतो. त्यावर आधीच ऑइलपेंटचा पापुद्रा, म्हणून आतली ओल बाहेर पडायला वाट नाही आणि पोपडे येतात. त्याच्यावर आणखी प्लॅस्टिक पेंट मारलात तर पुढच्या पावसात तेच. शिवाय पांढऱ्या भिंतीवर खार फुटला तर नजरेआड होतो, गडद निळ्यावर तो पीठ सांडल्यासारखा दिसतो.

आज एवढंच करा: हातभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी टेप लावून चिकटवा आणि सकाळी बघा. भिंतीकडच्या बाजूने घाम आला असेल तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूने आला तर तो हवेतला दमटपणा. पहिल्या प्रकारात कौलं, पागोळ्या आणि भिंतीच्या पायथ्याशी साचणारं पाणी आधी बघा. जुना ऑइलपेंट खरवडून काढणं, गिलावा दुरुस्त करणं, रंग देणं, सगळं दिवाळीनंतर कोरड्या हवेत. चवथीला गणपतीमागे निळं कापड लावा, सासूबाईंना रंगाची चवही कळेल.

वसरीवाली
कापडाची युक्ती आवडली! मग दिवाळीनंतर चुन्यात नीळ घालून रंगवलं तर? आजेसासूबाई तसंच करायच्या म्हणे.

चिरा_आणि_चुना
भिंतीला चांगलं, पण तुम्हाला हवा तो गडदपणा येणार नाही. चुना स्वतः पांढरा, नीळ कितीही ओता, रंग आकाशीच्या आसपास राहतो. पुडीतली नीळ म्हणजे साधारण अल्ट्रामरीन, ती चुन्यात टिकते. प्रशियन ब्लू टिकत नाही, चुन्याच्या क्षाराने उडतो. बाटलीतली पातळ नीळ तर कपड्यांसाठीच, तिला भिंतीवर नका आणू. गडदच हवा तर सिलिकेट रंगाची चौकशी करा, चुन्याच्या गिलाव्यावर तो बसतो आणि भिंत श्वास घेऊ शकते. महाग आहे, म्हणूनही एकच भिंत.

रंगांधळा_नव्हे
तुमच्या लाल जमिनीचा कुणी विचारच केला नाही. दुपारनंतर पश्चिमेचं ऊन जमिनीवर पडून लाल झाक भिंतीवर चढणार, म्हणजे रंग कार्डावर दिसतो त्याहून जांभळा होणार. म्हणून निळ्याकडे झुकणारी शेड घ्या. दुकानात समजावणं कठीण जात असेल तर पॅन्टोन ही रंगांची कंपनी दरवर्षी एक ‘वर्षाचा रंग’ जाहीर करते, तिचा 2008 सालचा ब्लू आयरिस मोबाइलवर दाखवा. 2022 चा व्हेरी पेरी फिका आणि लव्हेंडरकडे जाणारा, तो नको.

शेडकार्डाच्या कपट्यावर भरवसा ठेवू नका. नमुन्याचा छोटा डबा घ्या, मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि तो पुठ्ठा सकाळी, तिन्हीसांजेला आणि दिवे लावून त्या भिंतीला टेकवून बघा. 2700 केल्विनच्या पिवळ्या बल्बखाली असा निळा मळकट होतो. 4000 च्या आसपासचा दिवा लावलात तर निळा निळाच राहील.

शिसव मात्र त्या भिंतीपासून हलवा, काळ्यावर काळं हरवतं. तिथे वेताची खुर्ची ठेवा, नाहीतर पितळी समई.

मळ्यातली
बरं, एक भिंत मान्य. रंगाऱ्याला आधी राखाडी प्रायमर मारायला सांग हं. गडद शेडच्या बेसमध्ये पांढरं पिगमेंट कमी असतं, त्यामुळे रंग झाकत नाही आणि तिसरा हात मारूनही ठिगळं दिसतात. आणि सगळे डबे एकाच वेळी मिक्स करून घे.

चिरा_आणि_चुना
सिलिकेट घेतलात तर हा साधा प्रायमर चालणार नाही, त्याच्याच कंपनीचा घ्यावा लागेल.

वसरीवाली
पुठ्ठा आणि प्लॅस्टिक दोन्ही आजच करते. खिडक्यांच्या चौकटींना काय देऊ? सध्या पॉलिश आहे, पण पार काळवंडलंय.

अंत्रुजवासी
पांढरा ऑइलपेंट. लाकूड सागवानी असेल तर मात्र थांबा, पॉलिश खरवडून आधी बघा खाली काय निघतं ते.